‘स्वाझी’ की ‘स्वाती’ : एका भाषेच्या नावाचा व लेखनाचा इतिहास

१९ एप्रिल २०१८ रोजी आफ्रिकेच्या आग्नेय भागातील एका लहान राज्याने आपले नाव बदलले. देशाच्या स्वातंत्र्यास त्या वर्षी ५० वर्षे पूर्ण होत होती आणि राजा तिसरा म्स्वाती याचा ५० वा वाढदिवसही त्याच दिवशी होता. स्वाझीलँड हे नाव टाकून ‘एस्वातिनी’ हे नाव स्वीकारल्याची घोषणा त्याने ह्या दुहेरी उत्सवात केली. परदेशात आपल्या देशाची गल्लत स्वित्झर्लंडशी होते, असे जे कारण त्या वेळी सांगितले गेले, तेच वृत्तपत्रांनी उचलून धरले व बाहेरच्या वाचकांनी ते गमतीने वाचले. भाषेच्या अभ्यासकास मात्र ह्या बदलात त्याहून महत्त्वाची एक गोष्ट दिसते. जुन्या नावातील ‘लँड’ हा इंग्रजी शब्द गेला हे कोणाच्याही ध्यानात येते. परंतु त्याबरोबर ‘झ’ गेला आणि त्याच्या जागी ‘त’ आला, ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वस्तुतः ह्या लोकांच्या व त्यांच्या भाषेच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाचे एक मर्म ह्या ‘झ’ आणि ‘त’ यांच्या भेदात साठविलेले आहे. ‘स्वाझी’ हे स्वाझींचे स्वतःचे नाव नव्हे. ते त्यांच्या नावाचे झुलू रूप होय.

नावाची घडण प्रथम पाहू जाता असे दिसते की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास राज्य करणाऱ्या म्स्वाती नामक राजाच्या नावावरून ही सर्व रूपे सिद्ध झाली आहेत. बांतू भाषांत नामांचे वर्ग असतात आणि प्रत्येक वर्ग आपल्या पूर्वप्रत्ययाने ओळखला जातो. त्यानुसार ‘लिस्वाती’ म्हणजे त्या लोकांपैकी एक व्यक्ती, ‘एमास्वाती’ म्हणजे अनेक व्यक्ती किंवा तो समाज, ‘सिस्वाती’ म्हणजे त्यांची भाषा व रीत, आणि आरंभी ‘ए’ व शेवटी ‘इनी’ हे स्थानवाचक प्रत्यय लागून ‘एस्वातिनी’ म्हणजे त्यांचा देश. मूळ शब्द एक, आणि अर्थाचा सारा भार पूर्वप्रत्ययांवर. (स्वाती नक्षत्राशी ह्या शब्दाचा संबंध नाही हे सांगावयास नकोच, तथापि अशा ध्वनिसाम्यावर मोठमोठे सिद्धान्त उभारणारे विद्वान आपल्याकडे झाले नाहीत असे नाही.) झुलू भाषेत ह्याच राजाचे नाव ‘म्स्वाझी’ असे होते. नाताळमधील इंग्रज अधिकारी, दुभाषे आणि मिशनरी यांना परिचित असलेली आफ्रिकी भाषा झुलू ही होती. त्यामुळे त्यांनी ऐकले ते झुलू रूप आणि कागदावर उतरले तेही झुलू रूप.

पुढील उदाहरणांत ‘झ’ हे अक्षर महाप्राणासाठी नसून दंत्य घोष घर्षकासाठी, म्हणजे मराठी ‘जहाज’मधील दुसऱ्या ‘ज’शी जवळीक असणाऱ्या ध्वनीसाठी वापरले आहे. ‘त्स’ आणि ‘द्झ’ ह्या जोडाक्षरांनी एकेकच ध्वनी दर्शविला आहे. मराठी भाषकास हे ध्वनी शिकविण्याचे कारण नाही. ‘चाक’मधील ‘च’ आणि ‘जग’मधील ‘ज’ हे जवळजवळ तेच आहेत. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च-काराचा भेद एकाच अक्षराने लिहिण्याची सवय असलेल्यांना, लिपी आणि उच्चार यांच्यातील अंतराचा प्रश्न परका वाटू नये.

बांतू भाषांच्या आग्नेय शाखेत न्गुनी नावाचा जो समूह आहे, त्यात झोसा, झुलू, न्देबेले व सिस्वाती ह्या प्रमुख भाषा येतात. ब्रायंटच्या काळापासून ह्या समूहाचे झुंडा आणि तेकेला असे दोन पोटभेद करण्यात येतात. झुलू व झोसा पहिल्यात पडतात. सिस्वाती ही दुसऱ्यातील सर्वांत मोठी भाषा असून लेसोथोतील फुथी, नाताळमधील लाला व भाका यांसारख्या लहान बोली तिच्या जवळच्या आहेत. तेकेलाचे प्रमुख लक्षण असे की, झुलूत जेथे ‘झ’ असतो तेथे तिच्यात ‘त’ येतो. पाण्यास झुलूत ‘अमांझी’ म्हणतात, सिस्वातीत ‘एमान्ती’. ‘काल’ ह्या अर्थी ‘इझोलो’ आणि ‘इतोलो’. राजमातेस झुलूत ‘इन्द्लोवुकाझी’ म्हणावे लागेल; तिच्या स्वतःच्या लोकांत ती ‘इन्द्लोवुकाती’, म्हणजे हत्तीण, ह्या पदवीने ओळखली जाते.

दुसरे लक्षण अधिक सूक्ष्म व अधिक मनोवेधक आहे. झुलूतील ‘थ’ आणि ‘द’ यांचे सिस्वातीत पुढील स्वराप्रमाणे दोन वेगवेगळे परिणाम होतात. पुढे ओठ गोल करून उच्चारावयाचा स्वर, म्हणजे ‘उ’ किंवा ‘ओ’, असेल तर ‘त्फ’ व ‘द्व’ होतात. अन्यत्र ‘त्स’ व ‘द्झ’. ‘तीन’ ह्या अर्थाच्या एकाच शब्दात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आढळतात : झुलू ‘थाथू’, सिस्वाती ‘त्सात्फू’. प्रेम करणे या अर्थी झुलू ‘थान्दा’ तर सिस्वाती ‘त्सान्द्झा’. गुडघ्यास झुलू ‘इदोलो’ तर सिस्वाती ‘लिद्वोलो’. ‘म्हातारा, जुना’ या अर्थी ‘दाला’ आणि ‘द्झाला’. माणसे म्हणजे ‘अबान्तू’ आणि ‘बान्त्फू’. सर्व बांतू कुलास ज्या शब्दावरून नाव मिळाले त्या शब्दाचेच हे सिस्वाती रूप आहे. क्लिक ध्वनींच्या बाबतीत उलट स्थिती दिसते. हे ध्वनी खोइसान भाषांच्या सहवासाने न्गुनी भाषांत शिरले. झुलूत त्यांचे तीन स्थानभेद नांदतात, सिस्वातीत व्यवहारतः एकच उरला आहे : जीभ दातांमागे टेकवून मागे ओढल्याने होणारा, मराठी माणूस हळहळताना जे चुकचुकतो तोच. अंडे ह्या अर्थाच्या झुलू शब्दात टाळ्याकडचा क्लिक आहे, सिस्वातीत त्याच शब्दात हा दातांचा क्लिक आहे.

आता अशी तुलना मांडताना झुलू रूप आधी व सिस्वाती रूप नंतर देण्याची जी प्रथा पडली आहे आणि जी वरील परिच्छेदांतही सोयीसाठी पाळली आहे, तिने एक भ्रम उत्पन्न होतो. झुलू हे मूळ आणि सिस्वाती ही त्याची ‘बदललेली’ किंवा ‘बिघडलेली’ बोली, असे वाटू लागते. हा भ्रम केवळ विद्यार्थ्यांचा नाही. कित्येक दशके तो शासनाचा व शाळांचाही होता. प्रत्यक्षात दोन्ही भाषा एका समान पूर्वरूपापासून निघाल्या असून प्रत्येकीने काही जतन केले आहे व काही टाकले आहे. ‘थ’ व ‘द’ यांच्या बाबतीत झुलू अधिक जुनी दिसते हे मान्य करावे लागेल. परंतु वरच्याच ‘इदोलो’ आणि ‘लिद्वोलो’ ह्या जोडीकडे पुनः पाहावे. ‘लि’ हा वर्गवाचक पूर्वप्रत्यय सिस्वातीत पूर्ण टिकून आहे, झुलूत तो बहुतेक शब्दांत ‘इ’ एवढाच उरला आहे. देश ह्या अर्थी झुलू ‘इझ्वे’ आणि सिस्वाती ‘लिवे’ यांतही हेच दिसते. झुलू प्रथम लिहिली गेली म्हणून ती प्रथम जन्मली असे होत नाही. लेखनाचा क्रम हा वंशावळीचा क्रम मानण्याची चूक भारतीय भाषांच्या अभ्यासातही पुष्कळदा झालेली आहे.

भाषेकडून लोकांकडे वळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा त्यांचा इतिहास जवळजवळ संपूर्णपणे मौखिक परंपरेवर अवलंबून आहे. राजांची नावे, त्यांच्या दफनाच्या जागा आणि त्यांची ‘तिबोंगो’, म्हणजे स्तुतिकवने, ही त्याची साधने होत. ह्या परंपरेनुसार राज्यकर्त्या द्लामिनी कुळाचे पूर्वज डेलागोआ उपसागराच्या, म्हणजे आजच्या मापुतोच्या, आसमंतात राहत असत. अठराव्या शतकाच्या मध्यास तिसरा न्ग्वाने हा आपल्या लोकांसह पोंगोला नदीच्या परिसरात, आजच्या देशाच्या दक्षिण भागात स्थिरावला. आजही हे लोक स्वतःस न्ग्वानेचे लोक व देशास ‘काङ्ग्वाने’, न्ग्वानेचे स्थान, असे म्हणवितात. म्हणजे म्स्वातीच्या नावाआधीही त्यांना एक नाव होते आणि ते नष्ट झालेले नाही.

न्ग्वानेचा नातू पहिला सोभूझा, ज्यास सोम्हलोलो असेही म्हणतात, याच्या कारकिर्दीत ह्या छोट्या टोळीचे राष्ट्रात रूपांतर होण्यास प्रारंभ झाला. पोंगोलाकाठच्या सुपीक शेतजमिनीवरून त्याचा न्द्वान्द्वे राजा झ्वीदे याच्याशी कलह झाला. त्यात पराभव पावून तो उत्तरेस सरकला व डोंगराळ प्रदेशात त्याने आपली सत्ता बसविली. तेथे आधीपासून राहणाऱ्या न्गुनी व सोथो वंशाच्या कुळांना त्याने काही जिंकून, काही सलोख्याने आपल्यात सामावून घेतले. ह्या घटनेची स्मृती सामाजिक वर्गीकरणात अजून टिकून आहे. मूळ न्ग्वानेबरोबर आलेली कुळे ती ‘बेम्द्झाबुको’, म्हणजे अस्सल. पुढे सापडलेली ती ‘एमाखान्द्झाम्बिली’. आणि मागाहून आश्रयास आलेली ती ‘एमाफिकामुवा’. मागागुला, म्निसी यांसारखी कुळे दुसऱ्या वर्गात मोडतात. भाषेच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा की, आज सिस्वाती बोलणाऱ्यांपैकी अनेकांचे पूर्वज सिस्वाती बोलत नव्हते. राष्ट्राची भाषा ही रक्ताने आलेली नसून दरबाराने, विवाहाने आणि वयोगटांवर उभारलेल्या सैन्यपथकांनी पसरविलेली असली पाहिजे. ह्या पथकांस ‘एमाबुत्फो’ म्हणतात. झुलू ‘अमाबुथो’शी ह्या शब्दाची तुलना केली म्हणजे वर सांगितलेला नियम पुनः प्रत्ययास येतो. निरनिराळ्या कुळांतील तरुण वर्षानुवर्षे राजाच्या छावणीत एकत्र राहत असत. तेथे घरची बोली मागे पडून दरबारी बोली अंगवळणी पडत असणार, असे अनुमान करणे गैर होणार नाही.

सोभूझाने आपल्या शत्रूची, झ्वीदेची, कन्या वरली. म्स्वातीची ती माता. तिच्या माहेरच्या उच्चाराप्रमाणे तिचे नाव थान्दिले. सासरी ती त्सान्द्झिले झाली. तिचा पिता झ्वीदे हा स्वातींच्या तोंडी ‘झिद्झे’ झाला आणि ती ‘लाझिद्झे’, झिद्झेची लेक, म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. पुत्र लहान असता राज्य सांभाळणारी आणि न्द्वान्द्वेंच्या राज्यपद्धतीतील बरेच काही आपल्याबरोबर आणणारी ही स्त्री परभाषक माहेरची होती. पण तिचे नाव मात्र सासरच्या ध्वनिनियमांनी आपलेसे केले. येथे एक सावधगिरीही सुचवावीशी वाटते. ध्वनिनियम यंत्रासारखे लावता येत नाहीत. सोभूझा ह्या राजनावातील ‘झ’ स्वाती लोकांच्या मुखीही ‘झ’च राहिला आहे आणि ‘झिद्झे’मधील पहिलाही. भाषेत ‘झ’ मुळीच नाही असे नसून, त्याचा वावर मर्यादित आहे एवढेच म्हणता येते.

सोम्हलोलोविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. मृत्यूपूर्वी त्यास स्वप्न पडले की गोऱ्या कातडीचे लोक येतील. त्यांच्या एका हाती ग्रंथ असेल व दुसऱ्या हाती गोल धातूचे नाणे. ग्रंथ घ्या, नाणे घेऊ नका व त्या लोकांचे रक्त सांडू नका, असे त्याने आपल्या लोकांस बजावले. ही कथा मागाहून किती घडविली गेली हे ठरविणे कठीण आहे. परंतु म्स्वातीच्या दरबाराने मिशनऱ्यांना पाचारण केले तेव्हा ह्या इच्छेचाच आधार दिला गेला, अशी परंपरा आहे. १८४४-४५ मध्ये जेम्स अॅलिसन व रिचर्ड गिडी हे वेस्लियन मिशनरी आले आणि दक्षिणेस माहाम्बा येथे ठाणे निघाले. अॅलिसनने स्थानिक भाषा शिकून तीत एक छोटी प्रश्नोत्तरावलीही तयार केली. सिस्वाती लेखनाचा हा प्रारंभ म्हणता येईल. पण हा प्रारंभ अंकुरला नाही. १८४६ मध्ये म्स्वातीचा भाऊ मालाम्बुले याच्या बंडाच्या निमित्ताने राजाच्या सैन्याने माहाम्बाच्या परिसरात हल्ला चढविला. मिशन उधळले आणि अॅलिसन आपल्या अनुयायांसह नाताळमध्ये इंडालेनी व नंतर एडेंडेल येथे गेला. सिस्वातीचे पहिले वाचक अशा रीतीने झुलू प्रदेशात जाऊन वसले.

ह्या स्थलांतराचे फळ पुढे चाळीस वर्षांनी दिसून आले. १८८० नंतरच्या दशकात एडेंडेलच्या त्या जुन्या समाजापैकी डॅनिएल म्सिमांग हा माहाम्बास परतला व त्याने मिशन पुनः उभे केले. परंतु मधल्या काळात नाताळमध्ये झुलूचे व्याकरण लिहिले गेले होते, कोश निघाले होते आणि १८८३ मध्ये संपूर्ण झुलू बायबल छापून तयार झाले होते. शेजारच्या भाषेत ग्रंथ, पाठ्यपुस्तके आणि शिक्षित शिक्षक ह्या तिन्ही गोष्टी सिद्ध असताना, ऐकणाऱ्यास ती भाषा बहुतांशी समजत असताना, दुसऱ्या भाषेचे खिळे पाडण्याचा खर्च कोण करणार? सिस्वातीस झुलूची बोली ठरविण्यामागे भाषाशास्त्रीय युक्तिवाद कमी आणि छापखान्याचा हिशेब अधिक होता. प्रार्थना झुलूत होऊ लागली, धुळाक्षरे झुलूत गिरविली जाऊ लागली. सोम्हलोलोचा ग्रंथ आला खरा. पण तो दुसऱ्याच्या भाषेत आला.

नाण्याचे काय झाले, ते मात्र इतक्या संथपणे घडले नाही. म्स्वातीनंतर काही वर्षांनी गादीवर आलेल्या म्बान्द्झेनीच्या काळात (१८७५–१८८९) गोरे सवलतदार देशात लोटले. चराई, खाणी, जंगल, टपाल, इतकेच काय पण कर गोळा करण्याचा हक्कसुद्धा कागदोपत्री बहाल झाला. एकाच जमिनीवर अनेकांचे हक्क एकमेकांवर चढले. करार परकी भाषेत लिहिले जात, दुभाष्यामार्फत सांगितले जात व राजा त्यांवर आपली खूण उमटवीत असे. स्वाती रीतीप्रमाणे जमीन विकण्याची वस्तू नव्हती. नायकाच्या पदरी निष्ठा अर्पून राहण्यास जागा मिळविणे, ह्या व्यवहारास ‘कुखोन्ता’ असे नाव आहे (झुलू ‘उकुखोन्झा’शी तुलना करावी). अशी जागा राजाच्या कृपेने भोगावयाची असे आणि ती त्याच्याकडे परत येऊ शके. इंग्रजी दस्तऐवजातील मालकी आणि भाडेपट्टा ह्या कल्पनांत हे बसत नव्हते. राजाने काय दिले आणि घेणाऱ्याने काय घेतले, यांतील तफावत ही काही अंशी भाषांतराची तफावत होती. सर्व दोष भाषांतरावर ढकलणे अर्थात भोळेपणाचे होईल. लोभ आणि बंदुका ह्या दोहोंनाही दुभाष्याची गरज नसते. त्या काळच्या इंग्रजी सरकारी कागदपत्रांत ह्या राजाचे नाव ‘उम्बान्दिने’ असे येते. ज्या कागदांनी त्याचा देश गेला त्या कागदांवर त्याचे नावसुद्धा त्याच्या भाषेत नव्हते.

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. १८९४ च्या करारानंतर देश ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकाच्या संरक्षणाखाली गेला. बोअर युद्धानंतर तो ब्रिटिशांच्या हाती आला. १९०७ मध्ये जमिनीच्या वाटणीचा हुकूम निघून सुमारे एक तृतीयांश भूमी स्वाती लोकांस उरली. दुसरा सोभूझा १९२१ मध्ये सत्तेवर आला. त्याने लंडनला शिष्टमंडळ नेले व प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दावा लढविला. १९२६ मध्ये तो हरला.

ह्या काळातील सर्वांत विलक्षण व्यक्तिमत्त्व म्हणजे सोभूझाची आजी लाबोत्सिबेनी. १८९९ मध्ये तिचा पुत्र राजा भुनू मरण पावला तेव्हा नातू काही महिन्यांचा होता. त्यानंतर १९२१ पर्यंत राज्यकारभार तिने चालविला. गोऱ्यांच्या सामर्थ्याचे मूळ पुस्तकात व पैशात आहे हे ओळखून तिने झोंबोद्झे येथे शाळा काढविली. नातवास पुढे केप प्रांतातील लव्हडेल येथे, झोसा भाषकांच्या मुलखात, शिकावयास पाठविले. १९१२ मध्ये पिक्सली सेमे याने जोहॅनिसबर्ग येथे ‘अबान्तू-बाथो’ हे पत्र सुरू केले, त्यास तिने द्रव्यसाहाय्य केले. आता गंमत अशी की, स्वाती राजघराण्याच्या पैशाने निघालेल्या ह्या पत्राचे नाव झुलू व सोथो ह्या दोन भाषांतील ‘माणसे’ ह्या शब्दांनी बनलेले होते. मजकूर प्रामुख्याने झुलू, झोसा, सोथो आणि इंग्रजी भाषांत येई. ‘बान्त्फू’ना त्यात जागा नव्हती. ह्यात लाबोत्सिबेनीचा भाषाद्रोह पाहणे अनैतिहासिक ठरेल. तिच्यापुढचा प्रश्न जमिनीचा होता आणि त्यासाठी उपयोगी पडणारी अक्षरे ज्या भाषेत होती ती तिने घेतली.

दरबारात मात्र सिस्वाती अबाधित राहिली. ह्या भाषेच्या टिकण्याचे श्रेय कोणास द्यावयाचे झाल्यास ते लिखित वाङ्मयापेक्षा अलिखित विधींना द्यावे लागेल. वार्षिक इन्क्वाला विधीतील गीते, राजांची तिबोंगो, कुळांची ‘तिनानातेलो’ म्हणजे कुलस्तुती, लोबाम्बा येथील सभांतील भाषणे, हे सर्व झुलूत होऊ शकत नव्हते. कारण त्यांचा प्रयोजक राजा हा झुलूंचा राजा नव्हता. मुलगा शाळेत झुलू वाचे, देवळात झुलू ऐके. राजाच्या गोठ्याशी उभा राहिला की सिस्वाती बोले. हिल्डा कूपर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या समाजशास्त्रीय ग्रंथात ह्या दरबारी जीवनाचे जे चित्र रेखाटले आहे, ते ह्या दृष्टीने आजही वाचण्यासारखे आहे.

भाषाशास्त्राने ह्या भाषेची स्वतंत्र दखल घेतली ती १९५२ मध्ये, झीरफोगेल यांच्या व्याकरणाने. १९५७ मध्ये त्यांनी संकलित केलेले पाठ प्रसिद्ध झाले. परंतु याच सुमारास सोभूझाचा पुढे चिटणीस झालेला आणि स्वाती इतिहासाचा आद्य देशी लेखक म्हणून मान्यता पावलेला मात्सेबुला आपल्या लोकांचा इतिहास लिहीत होता तो झुलूत. त्या पुस्तकाच्या नावातच ‘झामास्वाझी’, म्हणजे ‘स्वाझींच्या’, असे झुलू रूप आहे. सिस्वातीत ‘तेमास्वाती’ व्हावयास हवे होते. परकी विद्वान भाषेचे व्याकरण लिहीत होता आणि त्या भाषेचा सुपुत्र शेजारच्या भाषेत लिहीत होता. त्याला वाचक मिळावयाचे ते झुलू शाळांतून शिकलेले, तेव्हा दुसरा मार्ग तरी कोणता होता?

६ सप्टेंबर १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि चित्र पालटू लागले. राष्ट्रगीत सिस्वातीत रचले गेले. शब्द सिमेलाने यांचे, संगीत डेव्हिड रायक्रॉफ्ट यांचे. हेच रायक्रॉफ्ट पुढे १९८१ मध्ये सिस्वातीचा संक्षिप्त कोश घेऊन आले; राष्ट्रगीताची चाल बांधणारा कोशकार जगात क्वचितच सापडेल. त्यांच्या दोन्ही कामांत संबंध आहे, कारण सिस्वाती ही स्वराघाताने अर्थ बदलणारी भाषा असून चाल बांधणाऱ्यास शब्दांचे चढउतार जाणून घ्यावेच लागतात. शाळांत झुलूच्या जागी सिस्वाती क्रमाने आली. नवा करार १९८१ मध्ये व संपूर्ण बायबल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. अॅलिसनच्या प्रश्नोत्तरावलीपासून दीडशे वर्षांनी. २००५ च्या राज्यघटनेने इंग्रजीबरोबर सिस्वातीस अधिकृत भाषेचे स्थान दिले.

ह्या उत्कर्षाची दुसरी एक बाजू आहे आणि ती सांगताना अवघडल्यासारखे होते. १८८० नंतर आखलेल्या सीमारेषांनी स्वाती भाषकांचा फार मोठा भाग ट्रान्सवालमध्ये राहिला होता. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णविद्वेषी शासनाने १९७० नंतरच्या दशकात ह्या लोकांसाठी काङ्ग्वाने नावाचा ‘स्वदेश’ निर्माण केला. प्रत्येक ‘स्वदेशा’स आपली भाषा हवी, ह्या धोरणाने तेथील शाळांत झुलूऐवजी सिस्वाती आणली. सिस्वातीच्या शालेय पुस्तकांना, लेखननियमांना व लेखकांना यामुळे जो आधार मिळाला तो नाकारता येत नाही. आणि तो ज्या हेतूने दिला गेला तो हेतू माणसांना नागरिकत्वापासून तोडण्याचा होता हेही नाकारता येत नाही. १९८२ मध्ये तर भाषा व वंश एकच असल्याचे कारण पुढे करून हा प्रदेश स्वाझीलँडला देऊन टाकण्याचा घाट दोन्ही शासनांनी घातला. काङ्ग्वानेचे नेते एनोस माबुझा यांनीच त्यास विरोध केला. सिस्वाती बोलणाऱ्यांनी, आपण सिस्वाती बोलतो एवढ्यावरून सिस्वाती राजाच्या ताब्यात जाण्याचे नाकारले. १९८४ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. भाषेच्या ऐक्यावरून राज्याच्या सीमा आपोआप निघतात असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण मुद्दाम अभ्यासावे.

१९९४ मध्ये काङ्ग्वाने विसर्जित झाले. सिस्वाती मात्र लोकशाही दक्षिण आफ्रिकेच्या अकरा अधिकृत भाषांपैकी एक म्हणून राहिली. २०११ च्या जनगणनेत तेथे तिचे सुमारे १३ लाख भाषक नोंदले गेले आणि म्पुमालांगा प्रांतात ती सर्वांत अधिक बोलली जाणारी भाषा ठरली. २०१७ च्या जनगणनेत स्वाझीलँडची एकूण लोकसंख्या सुमारे ११ लाख होती. म्हणजे भाषेला जिने नाव दिले त्या राज्याबाहेरच तिचे भाषक अधिक आहेत.

झुलूचा ठसा अजून पुसला गेलेला नाही. देशातील सर्वांत गजबजलेल्या शहराने १९६० मध्ये ब्रेमर्सडॉर्प हे वसाहतकालीन नाव टाकले आणि मांझिनी हे नाव घेतले. तेथे मळा असलेल्या एका जुन्या नायकाचे ते नाव. त्यात ‘झ’ आहे, तर त्याच शहरातील माणूस तहान लागली की ‘एमान्ती’ मागतो. आडनावांतही हीच तऱ्हा. एकाच कुळातील लोक सीमेच्या एका बाजूस ‘त्फ्वाला’ व दुसऱ्या बाजूस ‘थ्वाला’ असे लिहिले जातात. कोठे ‘म्न्गोमेतुलू’, कोठे ‘म्न्गोमेझुलू’. कोठे ‘सिबान्द्झे’, कोठे ‘सिबान्दे’. कोणत्या कारकुनाने, कोणत्या वर्षी, कोणत्या शाळेत शिकून ही नावे नोंदवहीत उतरविली, हे शोधून काढणे अशक्य नाही. माहाम्बासारख्या जुन्या मिशनांच्या नोंदवह्या ह्या दृष्टीने वर्षवार तपासल्या, तर ‘थ’ केव्हा लिहिला जात होता आणि ‘त्स’ व ‘त्फ’ केव्हापासून येऊ लागले, याचा गावोगावचा नकाशा तयार करता येईल.